मी न केलेला मॅक्रो माझ्या फाइलीत कुठून आला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाची सचिव आहे. वार्षिक अहवालाची वर्डची फाइल आधीच्या सचिवांनी 2004 साली तयार केली होती. दरवर्षी मी तिचीच कॉपी करते, नवे नाव देते आणि आत आकडे बदलते. यंदा नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली की वर पिवळी पट्टी येते : मॅक्रो बंद केले आहेत, शेजारी 'एनेबल कंटेंट'. मी एकदा ते बटण दाबले, पट्टी गेली. पण कॉपी केल्यावर पुन्हा हजर. बाकी कोणत्याही फाइलीला असे होत नाही. मॅक्रो म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही. भाचा म्हणतो, सेटिंगमध्ये 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून टाक, कटकट संपेल. करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ते सेटिंग अजिबात बदलू नका. ते केले की पट्टी जाईल हे खरे, पण त्यानंतर पेनड्राइव्हवरून कोणाचीही कोणतीही फाइल आली तरी वर्ड तुम्हाला काही विचारणार नाही. भाच्याला कटकट वाटते तो खरे तर एक प्रश्न आहे : या फाइलीत आपोआप चालणाऱ्या सूचना कोणीतरी ठेवल्या आहेत, त्या चालवू का?

मॅक्रो म्हणजे एवढेच. तेच ते काम पुन्हापुन्हा करावे लागू नये म्हणून लिहिलेल्या सूचना. काही मॅक्रो तर फाइल उघडताक्षणी स्वतःच सुरू होतात, आणि फसवणूक करणारे नेमका याचाच फायदा घेतात.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तर 1999 साली मी सांगलीत एका छापखान्यात डीटीपी करत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो व्हायरस जगभर पसरला होता. तो वर्डच्या फाइलीतून यायचा आणि आउटलुकच्या पत्त्यांतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच मेल करायचा. आमच्याकडे इंटरनेट नव्हते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मग एका लग्नपत्रिकेच्या मजकुराची फ्लॉपी आली. त्या काळच्या वर्ड 97 मध्येही मॅक्रो असलेली फाइल उघडताना इशाऱ्याची चौकट यायची. कामाची घाई होती, मी 'एनेबल' दाबले. त्या फाइलीतला व्हायरस वर्डच्या 'नॉर्मल' नावाच्या मूळ साच्यात (टेम्प्लेटमध्ये) जाऊन बसला आणि त्यानंतर त्या मशीनवर उघडलेल्या प्रत्येक फाइलीला लागत गेला. आठवडाभर आम्ही गिऱ्हाइकांना त्यांच्या फ्लॉप्या परत देत होतो, त्यांच्यासोबत तोही देत होतो. एका शाळेच्या स्मरणिकेची फ्लॉपी मी स्वतःच्या हाताने दिली होती. ते मला अजून लागते.

आता तुमच्या फाइलीकडे येऊ. पट्टी फक्त याच फाइलीला येते, म्हणजे मूळ याच फाइलीत आहे किंवा तिला जोडलेल्या साच्यात. तुमचा अहवाल जुन्या .डॉक प्रकारातला आहे. त्या प्रकारात मजकूर आणि मॅक्रो एकाच फाइलीत राहतात, बाहेरून पाहून कळत नाही. वर्ड 2007 पासून .डॉकएक्स आणि .डॉकएम असे वेगळे प्रकार झाले. मॅक्रो ठेवता येतो तो फक्त .डॉकएममध्ये. तुम्ही कॉपी करत आलात, त्यामुळे 2004 मध्ये आत गेलेली गोष्ट दरवर्षी पुढच्या अहवालात येत राहिली. माझा अंदाज असा, की त्या काळी जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये फिरवायला कोणीतरी एखादा मॅक्रो घातला असेल. कदाचित तो नंतर पुसलाही असेल. आतल्या सूचना गेल्या तरी रिकामे मॉड्यूल, म्हणजे त्या ठेवायचा कप्पा, मागे उरते, आणि तेवढ्यानेही पट्टी येऊ शकते. पण अंदाजावर बटण दाबायचे नाही.

बटण दाबल्यावरही पट्टी परत का आली, तर वर्ड ती परवानगी त्याच नावाच्या, त्याच जागेवरच्या फाइलीपुरती लक्षात ठेवते. नाव किंवा फोल्डर बदलले की ती नवी फाइल ठरते. दिलेली परवानगी मागे घ्यायला 'फाइल' मेनूतल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ट्रस्ट सेंटर'मध्ये 'ट्रस्टेड डॉक्युमेंट्स'खाली 'क्लिअर' आहे. ते आधी करा.

मग फाइल उघडा, पट्टीला हात न लावता ऑल्ट आणि एफ11 दाबा. डावीकडे तुमच्या फाइलीच्या नावाखाली 'मॉड्यूल्स' किंवा 'धिसडॉक्युमेंट' दिसेल, त्यावर दोनदा क्लिक करा. उजवीकडे रिकामे असेल तर तो उरलेला सांगाडा. ओळी असतील आणि त्यांत 'ऑटोओपन' किंवा 'डॉक्युमेंट_ओपन' दिसले, तर तो फाइल उघडताच चालणारा मॅक्रो आहे. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा आणि फाइल बंद करा. ऑल्ट-एफ8 ची यादी रिकामी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका, काही मॅक्रो त्या यादीत येतच नाहीत.

तुम्हाला मॅक्रो नकोच आहे, तेव्हा 'सेव्ह ॲज'मध्ये 'वर्ड डॉक्युमेंट' म्हणजे .डॉकएक्स निवडा. 'मॅक्रो-एनेबल्ड' लिहिलेला प्रकार नको. मॅक्रो ठेवता येणार नाही असे वर्ड सांगेल, 'यस' म्हणा. एक गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते : जोडलेला साचा. तो 'डेव्हलपर' टॅबमधून दिसतो, पण हा टॅब लपवलेला असतो. 'ऑप्शन्स'मध्ये 'कस्टमाइझ रिबन'खाली त्यापुढे टिक करा. मग त्या टॅबवरच्या 'डॉक्युमेंट टेम्प्लेट'मध्ये कोणता साचा जोडला आहे ते पाहा, अनोळखी असेल तर काढून 'नॉर्मल' ठेवा. जुनी .डॉक जपून बाजूला ठेवा, पण यापुढे कॉपी या नव्या फाइलीचीच करा.

आणखी एक. मेलमधून किंवा व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज 'ही इंटरनेटवरून आली' अशी खूण लावते. 2022 पासून अशा फाइलीतले मॅक्रो वर्ड मुळात बंदच ठेवते. पट्टी लाल असते आणि तिच्यावर 'एनेबल कंटेंट' नसते. तीच फाइल पेनड्राइव्हवरून घेतली तर खूण सहसा गळून पडते आणि पट्टी पिवळी दिसते, म्हणून पिवळी म्हणजे कमी धोका असे समजू नका. सभासदांकडून लाल पट्टीची फाइल आली तर ती परत पाठवून साधी .डॉकएक्स किंवा पीडीएफ मागा.

आधीच्या सचिवांशी तुमची ओळख असेल तर त्यांना एकदा फोन करा. 2004 मध्ये फाइल कोणत्या डीटीपीवाल्याकडून करून घेतली होती, एवढे कळले तरी तो मॅक्रो कशासाठी होता ते बहुधा उलगडेल. ऑल्ट-एफ11 मध्ये काही ओळी दिसल्या तर त्यांचा फोटो काढून पाठवा, मी पाहून सांगेन.