वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या फोटोतलं इंजिन कुठलं?

मागच्या अंकात लोंढा ते मिरज या जुन्या छोट्या लाइनीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर वाफेच्या इंजिनालाच देतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, त्याबद्दल माफी.

प्रश्न (खानापूरहून एक वाचक) : सर, आमचे आजोबा लोंढ्याला रेल्वेत ड्रायव्हर होते. घरात सगळे सांगतात त्यांचं इंजिन पुढनं टोकदार आणि नाकावर मोठा स्टार असलेलं होतं म्हणून. खरं आमच्याकडं जो एकच फोटो हाय त्यात इंजिनाचं तोंड सपाट गोल दिसतंय, आणि कॅबवर चार आकडी नंबर हाय, पहिला आकडा ३, पुढचे पुसलेत. मग घरातले चुकलेत काय फोटो दुसऱ्याचा हाय? सांगा की ओ.

उत्तर : फोटो आजोबांचाच असणार, काळजी करू नका. तुमच्या घरच्यांनी जे ऐकलंय ते इंजिन म्हणजे डब्ल्यूपी. नाक बंदुकीच्या गोळीसारखं, त्यावर चांदणी, १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडनं पहिली १६ आली आणि नंतर देशभर मेल-एक्सप्रेसला लागली, सिनेमात दिसतं ते बहुतेक हेच, त्यामुळं जुनं इंजिन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच येतं. पण ते मोठ्या लाइनीचं, म्हणजे ब्रॉडगेजचं. आपल्या लोंढा-बेळगाव-मिरज रुळावर १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होतं, दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. डब्ल्यूपी इथं येणंच शक्य नव्हतं.

आता नंबर. रेल्वेच्या भाषेत पहिलं अक्षर गेजचं, डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे नॅरो. दुसरं अक्षर कामाचं, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स. आपल्याकडं धावली ती वायपी आणि वायजी. वायपीचे नंबर २००० पासून २८७० पर्यंत, आणि वायजीचे ३ नं किंवा ४ नं सुरू होणारे. तुमच्या फोटोत चार आकडे आणि पहिला ३, म्हणजे आजोबा वायजीसमोर उभे आहेत, मालगाडीचं इंजिन. घरात हे ऐकून कुणाला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम सांगतो, लोंढ्याहून कॅसलरॉक आणि पुढं कुळ्याच्या घाटात माल चढवणं-उतरवणं हे मैदानात मेल पळवण्यापेक्षा खूप अवघड काम. साधारण ४० फुटांना एक फूट चढ, पावसात रूळ निसरडे, बोगदे, आणि मागनं ढकलायला बँकर लावल्याशिवाय गाडी हलत नाही. तिथं चाक घसरू न देता रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडं वाफ सोडायचा दांडा, उघडायचा म्हणजे हातात कसब लागतं. फोटो फ्रेम करा आणि खाली वायजी असं लिहा.

प्रश्न (निपाणीच्या निवृत्त शिक्षिका) : आमच्या निपाणीला रेल्वे नाही, लहानपणी चिक्कोडी रोडला नाहीतर बेळगावला जाऊन गाडी धरायचो. वायपी इंजिन नेमकं कुणी बनवलं आणि त्यात विशेष काय होतं, जरा सविस्तर सांगाल का?

उत्तर : बाई, हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळं थोडं लांबेल.

स्वातंत्र्याआधी वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची इंजिनं वेगवेगळी. आपला रूळ टाकला तो सदर्न मराठा रेल्वेनं, पुढं ती मद्रास अँड सदर्न मराठा झाली. १९२० च्या दशकात वायबी, वायडी अशी स्टँडर्ड इंजिनं आली तरी जुन्या तऱ्हातऱ्हा चालूच राहिल्या, आणि त्यात महायुद्धात सगळ्यांवर इतका ताण पडला की दुरुस्तीला वेळ मिळाला नाही. युद्धानंतर ठरलं की आता नव्यानं मोजकेच प्रकार करायचे आणि देशभर तेच वापरायचे. त्यातला मीटरगेज पॅसेंजरसाठीचा प्रकार म्हणजे वायपी. पहिली २० बाल्डविननं १९४९ साली दिली, मग ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश आणि म्युनिकची क्राउस-माफाय यांनी दोनशे, आणि उरलेली सगळी, साडेसहाशेच्या आसपास, जमशेदपूरला टेल्कोत झाली. एकूण ८७१. शेवटचं १९७० साली. म्हणजे दर चार वायपीतली तीन आपल्याच देशात बनलेली. टेल्को म्हणजे तीच, जिचे मर्सिडीज-बेंझबरोबरचे ट्रक १९५४ नंतर आपल्या रस्त्यावर दिसायला लागले.

रचना बघा. पुढं चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागं दोन, याला फोर-सिक्स-टू किंवा पॅसिफिक म्हणतात. पुढची चार वळणावर इंजिनाला वाट दाखवतात, मधली सहा ओढतात. मागच्या दोन चाकांचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या कोळशात राख भरपूर, तो चांगला जळायचा तर भट्टी रुंद पाहिजे. मोठ्या चाकांच्या मधे बसवायची तर भट्टी अरुंद होणार, म्हणून ती चाकांच्या मागं घेतली, दोन्ही बाजूंना पसरवली आणि तिचं वजन पेलायला मागं दोन चाकं दिली. माझे मामा बेळगावात फायरमन होते, ते सांगायचे की या भट्टीत कोळसा ढिगानं टाकायचा नाही, थोडा थोडा टाकायचा, मागच्या कोपऱ्यांत जास्त आणि मधे पातळ, मग धूर कमी आणि वाफ भरपूर. फावडं मारताना ते दात घट्ट आवळायचे, रिटायर झाल्यावर घरच्या बंबात लाकूड घालतानासुद्धा तसंच करायचे.

वाफेचं प्रेशर २१० पौंड. आपला स्वयंपाकघरातला कुकर साधारण १५ पौंडाला शिट्टी देतो, म्हणजे चौदा पट. सिलिंडर दोन, प्रत्येक सव्वापंधरा इंच व्यासाचा, पिस्टनची धाव २४ इंच, मोठी चाकं १३७२ मिलिमीटरची. या आकड्यांवरनं ओढ काढली तर साधारण ८.४ टन येते. वायजीचं प्रेशर तेच, पिस्टनची धाव तीच, फक्त सिलिंडर एक इंच मोठा आणि चाक १२१९ मिलिमीटरचं, आणि ओढणारी चाकं सहाऐवजी आठ. ओढ जाते १०.७ टनांच्या आसपास. चाक लहान म्हणून वेग कमी पण जोर जास्त, सायकलचा गिअर खाली टाकल्यासारखं. आणि हे सगळं एका अ‍ॅक्सलवर साडेदहा टनांच्या आसपास वजन ठेवून, कारण मीटरगेजचे रूळ हलके. दोघांत बरेचसे पार्ट कॉमन होते, त्यामुळं हुबळीच्या वर्कशॉपला जोडीला जोड मिळायचा आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमधलं सामानसुद्धा इथं बसायचं. वायपी इतकी वर्षं टिकलं ते याच्यामुळं असं माझं पक्कं मत आहे. नवीन आणि भारी असं त्यात काही नव्हतं, साधं होतं, आणि कुठल्याही शेडमधला फिटर हातोडी-पान्यावर ते चालू करू शकत होता.

प्रश्न (चिंचलीची सातवीतली वाचक) : काका, आजी म्हणते मायाक्काच्या यात्रेला लोक छुकछुक गाडीनं यायचे. गाडी छुकछुक का करायची?

उत्तर : बाळा, सिलिंडरमधे वाफ पिस्टनला एकदा पुढनं ढकलते, एकदा मागनं. काम झालं की ती वाफ बाहेर सोडावी लागते, आणि ती चिमणीतनं जोरात वर जाते तोच एक ‘छुक’. सिलिंडर दोन आणि प्रत्येकाला दोन बाजू, म्हणून चाक एकदा फिरलं की चार छुक. वायपीचं चाक एका फेरीत साधारण ४.३ मीटर जातं. गाडी स्टेशनातनं सुटून ताशी १० किलोमीटरला आली की मिनिटाला ३९ फेऱ्या, म्हणजे १५५ छुक, टाळ्या वाजवत मोजता येतील. ताशी ६० ला मात्र सेकंदाला पंधरा होतात आणि सगळे मिसळून नुसती घरघर ऐकू येते.

आणि ती वाफ चिमणीतनं जाताना धूर आणि गरम हवा पण ओढून नेते, त्यामुळं भट्टीत खालून नवी हवा शिरते आणि आग भडकते. म्हणजे इंजिन जितकं जोर लावणार तितकी त्याची भट्टी आपोआप पेटणार, वेगळा पंखा लागत नाही. आजीला हे वाचून दाखव, तिला आवाज आठवत असेल.

प्रश्न (शहापूर, बेळगावचे वाचक) : १९७० पर्यंत नवी इंजिनं बनत होती तर इतक्या लवकर भंगारात का घातली? चांगली चालत होती की.

उत्तर : तुमची हळहळ मलापण आहे. वायपी १९७० ला थांबलं आणि वायजी १९७२ ला, ते चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात बनलेलं देशातलं शेवटचं वाफेचं इंजिन. म्हणजे शेवटच्या खेपेतली कित्येक इंजिनं वीस-पंचवीस वर्षांची असताना तोडली गेली, बॉयलर अजून धडधाकट असताना. जीर्ण झाली म्हणून गेली नाहीत ती.

दोन गोष्टी एकदम आल्या. एक डिझेल. कोळशातली दहा टक्केसुद्धा ताकद वाफेच्या इंजिनातनं चाकापर्यंत पोचत नाही, बाकी सगळी चिमणीतनं आणि राखेतनं जाते. शिवाय थंड इंजिन पेटवून वाफ धरायला काही तास, वाटेत पाणी भरा, राख काढा, ठरल्या दिवशी बॉयलर धुवा. वायडीएम-४ डिझेल आलं त्याला हे काहीच नको. याबाबत रेल्वेला दोष देता येत नाही. दुसरी गोष्ट गेज. पुणे-मिरज आधी ब्रॉड झालं, मग आपण इतकी वर्षं मिरजेला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन दुसरी गाडी धरत होतो, आणि मालाची पोतीसुद्धा हमालांच्या पाठीवरनं छोट्या वाघिणीतनं मोठ्या वाघिणीत जायची. ते थांबायलाच पाहिजे होतं आणि १९९० च्या दशकात थांबलं. पण ब्रॉडगेज झालं की मीटरगेज इंजिनाला जायला जागाच उरत नाही, जिथं रूळ बदलला तिथनं ती दुसऱ्या भागात पाठवली आणि तिथंही बदलला की संपली. गुजरातेत वांकानेर-मोरबीच्या बाजूला ती शतक संपत येईपर्यंत चालली.

मला राग येतो तो एवढ्याचाच की जी चालू हालतीत होती त्यातली थोडी तरी वाफेवर चालती ठेवायला पाहिजे होती, रंग लावून बागेत उभी करणं वेगळं. बागेतल्या इंजिनाला पोरं हात लावतात ते छानच, पण ते गरम नसतं, त्याला तेलाचा आणि ओल्या राखेचा वास नसतो.

बघायचंच असेल तर हरियाणात रेवाडीला जुनी शेड रेल्वेनं वाफेच्या इंजिनांसाठी राखून ठेवलीय, तिथं मीटरगेजची वायजी आहेत. खानापूरच्या वाचकांनी दिल्लीकडं कधी गेलात तर वाट वाकडी करून नक्की जा, फोटो बरोबर न्या आणि कॅबशेजारी उभं राहून आजोबांची उंची कुठं येते ते बघा.