जरीकाम कोणाचे, नाव कोणाचे?
वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

प्रश्न : मी मूळचा बिहारमधल्या सीतामढी जिल्ह्यातला. मामूंबरोबर तरुण वयात मुंबईत आलो आणि धारावीत एका कारखान्यात अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीशी, बसून जरीकाम शिकलो. बरीच वर्षे नफरीवर, म्हणजे आठ तासांच्या पाळीच्या मजुरीवर, काम केले. आता कुर्ल्यात स्वतःचा अड्डा आहे. मुले पालिकेच्या मराठी शाळेत शिकतात आणि हे पत्रही मुलीनेच माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. हाताने वस्तू बनवणाऱ्यांच्या एका गटात मी सामील झालो असून पुण्या-ठाण्याच्या प्रदर्शनांत आमचे स्टॉल लागतात. गटातले लोक चांगले आहेत. मात्र त्यांतल्या काहींनी सुचवले की, स्टॉलच्या पाटीवर माझे नाव न लावता एखादे 'सगळ्यांना चालेल असे' नाव लावावे, म्हणजे विक्री वाढेल. एकाने असेही विचारले की, महाराष्ट्राच्या हस्तकलांच्या प्रदर्शनात बिहारच्या माणसाची जरी कशी बसते? मी नाव बदलावे का? शिवाय माझ्यासारख्याने कोणते सरकारी कागद करून घ्यावेत?
— एक कारागीर, कुर्ला

उत्तर : नाव बदलू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाटी आपली आहे आणि अंतिम निर्णयही आपलाच राहील, पण तो घेण्यापूर्वी या सल्ल्यामागे काय आहे ते पाहिले पाहिजे. गिऱ्हाईक बिचकेल ही भीती सल्ला देणाऱ्यांच्या मनात आहे आणि ती दूर करण्याचे सगळे ओझे त्यांनी आपल्या एकट्याच्या खांद्यावर टाकले आहे. असे गिऱ्हाईक असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्याला सामोरे जाण्याचे काम गटाचे आहे. स्टॉलवर येणाऱ्याला गटाने आपली ओळख करून द्यावी, आपले काम दाखवावे आणि आपल्या नावानेच आपल्याला हाक मारावी. व्यवसायाला दुकानासारखे एखादे नाव द्यावेसे वाटत असेल तर अवश्य द्या, अनेक कारागीर देतात. त्याखाली 'जरीकाम : अमुक' अशी आपल्या नावाची ओळ मात्र असू द्या. पुढे-मागे कोणी आपल्या नमुन्याची नक्कल केली, किंवा आपले काम दुसऱ्याच्या नावावर खपवले, तर नावानिशी दिलेली बिले आणि तारखेसह काढून ठेवलेली छायाचित्रे हाच आपल्या हातातला पुरावा असेल. उसन्या नावाने धंदा केल्यास तोही राहत नाही.

दुसरा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणाऱ्याला महाराष्ट्राच्या हस्तकलांचा इतिहास ठाऊक नसावा. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या शहराचा विणकाम उद्योग ज्यांच्या हातांवर उभा राहिला त्यांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा वाटा फार मोठा आहे. मालेगाव आणि भिवंडीत मागाचा खडखडाट सुरू केला तो बहुतांशी उत्तर भारतातून, विशेषतः 1857 नंतरच्या धामधुमीत, इकडे आलेल्या मोमीन विणकरांनी. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरू या सुती-रेशमी कापडाचा संबंध परंपरेने मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादेस हलवलेल्या राजधानीशी आणि तिच्यामागून आलेल्या विणकरांशी जोडला जातो. मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून सतार आणि तंबोरा घडवायला घेतला. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही सगळी नावे आज आपण अभिमानाने महाराष्ट्राची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे.

मुंबईच्या जरीकामाचेही तसेच आहे. बरेली, लखनौ, फर्रुखाबाद, मधुबनी, दरभंगा, सीतामढी, हावडा अशा ठिकाणांहून आलेल्या, बहुतांशी मुस्लिम असलेल्या, कारागिरांनी हे काम धारावी, गोवंडी आणि कुर्ल्याच्या पोटमाळ्यांवर वाढवले. 30 मार्च 2023 रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओर या फ्रेंच कंपनीने आपले कपडे सादर केले, त्यांवरचे भरतकाम मुंबईतल्याच चाणक्य या कार्यशाळेच्या सहकार्याने झाले होते आणि वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. पॅरिसपर्यंत जे काम मुंबईचे म्हणून पोचते, ते पुण्याच्या प्रदर्शनात बिहारचे ठरवून बाजूला करणे आम्हाला पटत नाही. शिवाय देशात कोठेही जाण्याचा, स्थायिक होण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या 19व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तेव्हा आपण गटात सवलतीने आलेले पाहुणे आहोत, असे मनात आणू नका.

आता कागदांविषयी. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून मिळणारे 'पहचान' हे कारागीर ओळखपत्र सर्वांत आधी काढा. सरकारी प्रदर्शनांत जागा मिळवण्यासाठी आणि त्या खात्याच्या योजनांसाठी ते लागते. ते देण्यापूर्वी आपण खरोखर कारागीर आहात याची पडताळणी होते, म्हणून अर्धवट झालेले एखादे काम, आपल्या सुया आणि पूर्ण झालेले दोन-चार नमुने तयार ठेवा. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी आणि लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी या दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांसाठी कोणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. 'पीएम विश्वकर्मा' योजनेबद्दल बऱ्याच जरी कारागिरांचा गैरसमज झालेला दिसतो. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत शिंपीकाम आहे, पण जरीकाम स्वतंत्रपणे नाही. आपण शिलाईही करत नसाल तर तिच्यामागे वेळ घालवू नका. आम्हाला ही उणीव फार खटकते आणि कारागिरांच्या संघटनांनी ती सरकारपुढे मांडली पाहिजे. गावचे रेशनकार्ड अन्नसुरक्षा योजनेतले असेल, तर 'एक देश एक रेशनकार्ड' व्यवस्थेनुसार आधार पडताळणीने मुंबईतल्या रेशन दुकानातही धान्य घेता येते. कुटुंबाचा काही भाग गावी राहत असल्यास त्यांच्या वाट्याचे धान्य तिकडेच घेता येते, त्यासाठी कार्ड रद्द करून नवे काढण्याची गरज नाही.

प्रश्न : आमचा महिलांनी सुरू केलेला हस्तकला गट आहे. अलीकडे त्यात जरीकाम करणारे एक मुस्लिम भाऊ आले आहेत. आमची मासिक बैठक शुक्रवारी दुपारी असते आणि प्रदर्शनाची सुरुवात दीपप्रज्वलनाने व आरतीने होते. त्यांना परकेपणा वाटू नये यासाठी काय करावे? विठ्ठलाची मूर्ती काढलेल्या शेल्याची मागणी त्यांना सांगावी की नाही, याचाही संकोच वाटतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. बैठकीचा वार बदला. शुक्रवारी दुपारी साधारण एक ते दोनच्या दरम्यान जुम्म्याची सामूहिक नमाज असते आणि ती नंतर एकट्याने भरून काढता येत नाही. आरती बंद करण्याची काही गरज नाही. त्या भाऊंना त्या वेळी तेथे उभे राहायचे आहे की स्टॉलची मांडामांड करायची आहे, हे मात्र त्यांच्यावर सोडा आणि ते आले नाहीत म्हणून कोणी शब्द काढू नये. विठ्ठलाच्या शेल्याबद्दल त्यांना सरळ विचारा. वृंदावनात कृष्णमूर्तींचे जरीचे पोशाख करणारे कितीतरी कारागीर मुस्लिम आहेत आणि पिढ्यानपिढ्या ते काम करत आले आहेत. उलट एखाद्याला सजीव आकृती काढणे स्वतःच्या श्रद्धेत बसत नाही असे वाटते आणि तो फक्त वेलबुट्टी करतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. आपण त्यांच्या वतीने आधीच तर्क करून मागणी दुसऱ्याकडे वळवली, तर चांगल्या हेतूने का होईना, त्यांचे काम जाते.

एक गोष्ट आपल्या पत्रात आली नाही, पण ती सर्वांत उपयोगाची आहे. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवसांनी अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे लग्नसराईच्या मागण्या अंगावर आलेल्या असताना येतो. रोजा धरलेला माणूस दिवसा वाकून बारीक काम कमी करतो आणि इफ्तारनंतर रात्री अड्ड्यावर बसतो. त्यामुळे मुदती ठरवताना त्यांना आधी विचारावे. ईदेला बहुतेक कारागीर गावी जातात आणि रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. तेव्हा प्रदर्शनाची तारीख त्याहून आधी कळवली, तर त्यांना तिकीट आणि स्टॉल यांत निवड करावी लागणार नाही. आगाऊ रकमेचेही तसेच आहे. जर, सलमा, सितारा, दबका हा तारा-टिकल्यांचा माल त्यांना रोखीने आणावा लागतो आणि गावी दर महिन्याला पैसे पाठवायचे असतात. विक्रीचा हिशेब दोन-दोन महिने लांबवण्याची जी सवय अनेक गटांना असते, ती घरदार असलेल्या सभासदाला एक वेळ परवडेल, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला परवडत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी जरीकामाचा ब्लाउज करून घ्यायचा आहे. हाताचे काम आणि यंत्राचे काम कसे ओळखावे? हाताच्या कामाचे दर इतके जास्त का असतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ब्लाउजला अस्तर लावण्यापूर्वी कापड उलटे करून पाहा. यंत्राच्या भरतकामात मागच्या बाजूला बॉबिनचा बहुधा पांढरा धागा सगळीकडे सारखा दिसतो. आरीच्या, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईच्या, कामात वरच्या बाजूला साखळी आणि खाली टाक्यांची साधी रेघ असते, आणि कारागिराने धागा जेथे संपवला तेथे गाठी दिसतात. दबका ही खात्रीची खूण आहे. ती धातूच्या तारेची बारीक गुंडाळी असते. कारागीर तिचे कात्रीने तांदळाएवढे तुकडे करतो, एकेक तुकडा मण्यासारखा सुईत ओवतो आणि टाका घालून कापडावर बसवतो. नेहमीच्या भरतकाम यंत्राला हे जमत नाही.

दराचे कारण अड्ड्याजवळ बसल्यावर लगेच कळते. आधी नक्षी कागदावर काढून तिच्या रेघांवर सुईने भोके पाडतात. तो खाका ताणलेल्या कापडावर ठेवून त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवली की नक्षी कापडावर उतरते. मग लाकडी अड्ड्याशी जमिनीवर मांडी घालून कारागीर उजव्या हाताने वरून आरी खुपसतो आणि डाव्या हाताने कापडाखाली, न पाहता, धागा तिच्या आकड्यात अडकवतो. आठ तासांची एक नफरी, आणि गळा-बाह्यांच्या दाट कामाला अशा कित्येक नफऱ्या लागतात. त्यात पाठ आणि डोळे जातात. म्हणून भाव करताना एकूण रकमेवर घासाघीस करू नका. किती नफऱ्या लागतील आणि एका नफरीमागे कारागिराच्या हातात काय पडेल, हे विचारा. दुकानामार्फत काम देत असाल तर हा प्रश्न दुकानदारालाही विचारा, आणि काम कोणाच्या अड्ड्यावर होणार आहे ते बिलावर लिहून मागा. लग्न एप्रिल-मे महिन्यांत असेल तर कापड आणि माप रमजानच्या आधीच त्यांच्याकडे पोचवा.