मोर्चा, रास्ता रोको आणि पोलीस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. जमावबंदीच्या कलम १४४ चे १६३ झाले, गुन्हा रोखण्यासाठी पोलीस देतात त्या १४९ च्या नोटिशीची १६८ ची नोटीस झाली. चौकातला गोंधळ मात्र तसाच आहे. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत.

पाण्याच्या टँकरसाठी तहसीलवर मोर्चा न्यायचा आहे. ठाण्यातून सांगतात, "३७ लागू आहे, परवानगी मिळणार नाही." परवानगीशिवाय निघालो तर मोर्चा बेकायदा ठरेल का? (परभणी)

आधी "३७ लागू आहे" म्हणजे काय ते पाहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली काठ्या, शस्त्रे, स्फोटके बाळगायला मनाई करता येते आणि ३७(३) खाली जमावाला व मिरवणुकीला. ३७(३) ची मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून अनेक जिल्ह्यांत दर पंधरवड्याला नवा आदेश निघतो आणि लोकांना वाटते, हा बारमाही कायदाच आहे. तसे नाही. आदेशाची प्रत मागा. तारीख, हद्द आणि सूट ही तीन ठिकाणे वाचा. पोलिसांच्या परवानगीने निघणाऱ्या मोर्चाला आदेशातच सूट दिलेली असते, असे बऱ्याचदा दिसेल. म्हणजे आदेश लागू असणे हे परवानगी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

अर्ज लेखी द्या आणि चार-पाच दिवस हातात ठेवून द्या. त्यात मागणी, तारीख, सुरुवातीची व संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, वाहने, ध्वनिक्षेपक, जबाबदार तीन-चार जणांची नावे आणि मोबाइल क्रमांक, स्वयंसेवकांची संख्या हे सगळे हवे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसली की पुढे "अर्जच आला नव्हता" हे ऐकावे लागते. नकार मिळाला तर तोही कारणांसह लेखी मागा. याच अधिनियमाच्या कलम ३३ खालचे स्थानिक नियम आणि कलम ३६ खालच्या सूचना मार्ग व वेळ ठरवू शकतात. पण हिंमतलाल शहा प्रकरणात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, ती मनमानीने नाकारता येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मनाई आदेश मोडून निघालात तर पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदता येतो, हे धरूनच चाला. पण तेवढ्याने तुमचा मोर्चा "बेकायदेशीर जमाव" होत नाही. न्याय संहितेच्या कलम १८९ ला पाच किंवा अधिक माणसे आणि त्यांचा समान बेकायदा हेतू, दोन्ही लागतात: बळाचा धाक, कायद्याच्या अंमलाला विरोध, मालमत्तेची हानी, जबरदस्ती. शांतपणे निवेदन द्यायला निघालेल्या लोकांवर हे कलम लावणे चूक आहे, आणि ते सर्रास लावले जाते.

आदेशच अन्यायकारक वाटला तर उच्च न्यायालयात जा, पण आदल्या रात्री नको. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातला असा एक आदेश रद्द केला. माजलगावच्या लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध धरणे धरायचे होते. आदेश दिसायला सर्वांसाठी होता, प्रत्यक्षात रोख त्यांच्यावर होता, हे न्यायालयाने ओळखले.

रास्ता रोको किती वेळ चालू शकतो? आम्ही दरवेळी अर्धा तास बसतो, पोलीस गाडीत घालतात, संध्याकाळी सोडतात. (सांगोला)

कायद्यात मिनिटांचा आकडा नाही. वाट अडवणे हा पहिल्या मिनिटापासून गुन्हा होऊ शकतो (न्याय संहितेचे कलम २८५, पाच हजारांपर्यंत दंड). तरीही थोडा वेळ सहन करणे आणि मग पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली सूचना देऊन, ६९ खाली बाजूला करून सोडून देणे, ही महाराष्ट्रातली जुनी आणि आमच्या मते शहाणपणाची रीत आहे. अट एकच, दोन्ही बाजूंनी ती पाळली पाहिजे.

ती कुठे तुटते ते सांगतो. रुग्णवाहिका अडली की तुटते. दोन्ही मार्गिका बंद करून टायर पेटवले की तुटते. आणि "मागणी मान्य होईपर्यंत" असे म्हणून बसले की तुटते. दिल्लीतल्या शाहीन बागेच्या धरण्यावरच्या निकालात (७ ऑक्टोबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच म्हटले: निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ व्यापता येत नाही, आणि तो मोकळा करणे हे प्रशासनाचे काम आहे. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची नसते.

मुंबईत २०२५ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला आझाद मैदानावर एका दिवसाची आणि पाच हजार माणसांची परवानगी होती. गर्दी त्यापेक्षा कितीतरी जास्त आली आणि दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर पसरली. उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितले आणि २ सप्टेंबरला उपोषण सुटले. मैदानावर बसणे आणि मैदानाबाहेरचे रस्ते धरणे या दोन गोष्टी कायद्याला वेगळ्या दिसतात, आयोजकांनाही दिसायला हव्यात.

उलट उदाहरण मार्च २०१८ च्या शेतकऱ्यांच्या मोर्चाचे. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले हजारो लोक शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. सकाळी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून ते रात्रीच चालून आझाद मैदानावर पोहोचले. सरकारला मागण्यांवर लेखी आश्वासन द्यावे लागले.

रेल्वेच्या रुळांवर मात्र ही सवलत धरू नका. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७४ मध्ये रेल रोकोला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि गुन्हा नोंदवणारी यंत्रणा वेगळी आहे.

लाठीमाराआधी पोलिसांनी काय करायला हवे? सूचना न देता काठ्या चालवल्या तर? (नागपूर)

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ क्रम सांगते. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणे प्रभारी, आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, जमावाला पांगण्याचा आदेश देतो. आदेश असतानाही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असे वागण्यातून स्पष्ट दिसले, तरच बळ वापरायचे. तेही पांगवण्यापुरते. शिक्षा देणे पोलिसांच्या हातात नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर, पडलेल्याच्या डोक्यावर काठी मारणे म्हणजे पांगवणे नव्हे.

आदेश ऐकू गेला पाहिजे. दहा हजारांच्या जमावात जीपवरच्या भोंग्याचा आवाज पुढच्या रांगांपलीकडे जात नाही. दोन-तीन ठिकाणांहून, लोकांच्या भाषेत, थांबून थांबून सांगावे लागते आणि प्रत्येक घोषणेची वेळ चित्रीकरणात यावी लागते. "पांगा" म्हणताना "या बाजूने जा" हेही सांगावे लागते. काठी कमरेखाली. अश्रुधुराआधी वाऱ्याची दिशा बघायची आणि नळकांडी माणसांवर नेम धरून मारायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचे, बाहेर पडायची वाट. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तुमच्याच शहरात, विधिमंडळ अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बहुतेक बायका आणि मुले होती. पुढे अडथळे, मागून गर्दीचा रेटा. अशा ठिकाणी पुढची रांग इच्छा असूनही मागे हटू शकत नाही. म्हणून जमाव तिन्ही बाजूंनी कोंडून काठी चालवणारा अधिकारी, त्याचा हेतू काहीही असो, माणसे मारण्याचा धोका पत्करत असतो. आयोजकांनीही लक्षात ठेवावे: लहान मुले आणि म्हातारी माणसे अडथळ्याजवळ पुढे ठेवू नका.

दगडफेक झाली तर कारवाई दगड मारणाऱ्यावर व्हावी. एका कोपऱ्यातल्या दहा जणांमुळे बाकीचे हजार जण दंगलखोर ठरत नाहीत. पण त्या दहांना स्वयंसेवकांनी लगेच वेगळे केले नाही, तर न्याय संहितेच्या कलम १९० खाली समान उद्दिष्टाचा आरोप सर्वांवर येण्याची वाट मोकळी होते.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जखमांची नोंद करून घ्या. तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी द्या. दखल नाही घेतली तर राज्य मानवी हक्क आयोग आणि न्यायदंडाधिकारी हे दोन दरवाजे आहेत.

बंदच्या दिवशी दुकान उघडे ठेवले तर पोलीस संरक्षण देतील का? (कल्याण)

द्यायलाच हवे. स्वतः काम बंद ठेवणे हा हक्क आहे, दुसऱ्याला शटर ओढायला लावणे नाही. मुंबईतल्या ३० जुलै २००३ च्या बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर पुकारलेला महाराष्ट्र बंदही उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रोखला. आदल्या दिवशीच पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि कॅमेरा चालू ठेवा.

मुलगा महाविद्यालयाच्या आंदोलनात ताब्यात घेतला गेला. नोकरी आणि पासपोर्टचे काय होईल? (कोल्हापूर)

आधी कागद पाहा. फक्त पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ खाली ताब्यात घेऊन सोडले असेल तर तो फौजदारी खटला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खालची प्रतिबंधक अटक असेल तर त्या कलमाखाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गुन्हा नोंदला असेल तर कोणत्या कलमाखाली, ते प्रथम माहिती अहवालात वाचा. न्याय संहितेचे कलम २२३ (आदेशाचा अवमान) असेल तर संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. त्यातून बरीच प्रकरणे कोसळतात, वकिलाला हे आधी तपासायला सांगा. कलम १३२, म्हणजे लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, हे मात्र अजामीनपात्र आहे, ते हलके घेऊ नका.

खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी त्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, ती मिळू शकते. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारले असेल तर लपवू नका. अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ बाबीकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्याला दिली आहे, पण माहिती दडवणे हे वेगळे आणि जास्त गंभीर मानले जाते.

सरकार अधूनमधून राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेते. त्यासाठी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते, मंत्र्याची घोषणा पुरत नाही. संमतीच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्या. पोलीस पडताळणीच्या वेळी तीच दाखवावी लागते.