मांजराला व्हेज करण्याआधी हे वाच

अगं, तुझा तो भलामोठा मेसेज वाचला, मटण-मासळीचा जगावर भार पडतो म्हणून बोक्याला व्हेज करायचं म्हणतेस ना. आधी एकच सांगतो, बोक्याचं खाणं बदलू नकोस. सोयाबीन, डाळ, पनीर घालून बोका व्हेज होत नाही, आजारी पडतो. मांजराच्या अंगात टॉरीन (डोळ्यांना, हृदयाला लागणारं एक पोषक द्रव्य) पुरेसं तयारच होत नाही, ते मटण-मासळीतूनच मिळतं, आणि कमी पडलं की नजर जाते, हृदय फुगून ढिलं पडतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी हे हृदयाचं शोधून काढलं तेव्हा विकतचं कॅटफूड खाणारी मांजरंसुद्धा यानेच मरत होती, मग कंपन्यांनी टॉरीन वाढवलं. बाहेर टॉरीन घातलेलं व्हेगन कॅटफूड मिळतं हे माहितेय मला, पण तुझा कुकरमधला प्रयोग म्हणजे ते नव्हे.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं जगून त्याला स्टार्च पचवायची सवय लागलीये, लांडग्यापेक्षा त्याच्यात स्टार्च पचवणारा जीन कितीतरी जास्त वेळा सापडतो (२०१३ चा रिसर्च आहे). म्हणून आपली गावठी कुत्री भाकरी-ताकावर पिढ्यानपिढ्या जगली. भात, अंडं, थोडं चिकन, एवढ्यावर रस्त्यावरचं कुत्रं बरं राहतं. बिस्किटं मात्र बंद कर, साखर आणि मैद्याशिवाय त्यात काय असतं सांग? आणि घरची उरलेली भाजी देताना कांदा-लसूण बघ, दोन्ही त्यांना बाधतात.

आता तुझा क्लायमेटचा मुद्दा. तू वाचलंस ते खरं आहे, २०१७ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मांस-अंड्यांच्या उत्पादनाचा पर्यावरणावर जो भार पडतो त्यातला २५ ते ३० टक्के तिथल्या कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा निघाला. पण तो आकडा उचलून जसाच्या तसा पुण्यात आणू नकोस. माणूस जे खात नाही ते जनावराला गेलं तर हिशोब वेगळा, आणि माणसाच्या ताटातलं बोनलेस ब्रेस्ट त्याच्यासाठी विकत आणलं तर वेगळा. तुझ्या चिकनवाल्याकडे मुंड्या, पाय, गळे रोज टोपलीभर पडून असतात, बरेचदा कचऱ्यातच जातात. ते आण, चांगलं उकड, हाडं काढून टाक (शिजलेलं हाड चिरतं आणि आतड्यात टोचतं) आणि भातात कालव. माणसाच्या खाण्याच्या दर्जाचं म्हणून विकतात त्या तुझ्या 'ह्युमन ग्रेड' ओल्या फूडच्या पाऊचपेक्षा स्वस्त आणि जगाला हलकं. ओल्या फूडचा कार्बन कोरड्याच्या कित्येक पट असतो हेही ब्राझीलमधल्या २०२२ च्या अभ्यासात आलंय, पाऊचवर कुत्र्याचा हसरा फोटो असला म्हणून काय झालं. आणि बोका गोल झालाय तुझा, फोटोत दिसतं. नसबंदी झाल्यावर भूक वाढते पण गरज कमी होते, वाटी भरून ठेवायची सवय मोड. निम्मं पर्यावरण तिथेच वाचेल.

पण खरं बोलायचंय ते रस्त्यावरच्यांबद्दल. तू रोज खायला घालतेस, कुत्री धडधाकट होतात, कुत्री धडधाकट झाली की पिल्लं जगतात. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की माजावर येते, दोन महिन्यांत व्यायते, आणि मग तू परत मला फोन करतेस की काका आता काय करू. नुसतं खायला घालणं म्हणजे अर्धं काम, आणि तेही सोपं अर्धं. ज्या गल्लीतली सगळी कुत्री कान खाचलेली (म्हणजे नसबंदी झालेली) आहेत तिथे बिनधास्त घाल, नाहीत तिथे आधी नसबंदी आणि रेबीजची लस. गंमत अशी की हे तुझ्याइतकं कुणालाच जमत नाही. महापालिकेची गाडी लांबून दिसली तरी कुत्री पांगतात, जाळी घेऊन माणसं धावत बसतात, आणि तुझी स्कूटर ऐकली की तीच कुत्री शेपटी हलवत येतात.

आणि सगळीकडे घालायचं नसतं. तू मेमध्ये कोकणात वेळासला गेलीस तेव्हा किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं टाकलीस, व्हिडिओ बघितला मी. तीच कुत्री ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरतात, म्हणून तर तिथली माणसं अंडी उचलून जाळीच्या आड ठेवतात. सोलापूरच्या नान्नजकडेही तेच, माळढोकासाठी राखलेलं रान, त्यात काळवीट आणि खोकड, आणि गावातली कुत्री मागे लागतात, वर डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे रोग नेतात. टेकडीवर, जंगलाच्या कडेला, बीचवर हात आखडता घे. तिथे तुझी दया दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर जाते.

सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडू नकोस. २०२३ च्या एबीसी (भटक्या जनावरांच्या नसबंदीच्या) नियमांत खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून घ्यायची तरतूद आहे, मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या गेटपासून लांब. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही वाट्टेल तिथे रस्त्यावर घालू नका, वॉर्डात जागा नेमा असंच म्हटलंय. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे आणि तुझ्यावर बंधनही आहे, दोन्ही. तुझ्या गेटसमोर उंदीर आणि माश्या झाल्यात ही त्या आजींची तक्रार मला तरी खोटी वाटत नाही. घाल, उभी राहा, खाऊन झालं की पत्रावळ उचल. दहा मिनिटं लागतात. भांड्यात उरलं तर उद्या कमी कर.

शनिवारी सकाळी सातला एबीसीची गाडी येतेय, मी बोललोय त्यांच्याशी. शुक्रवारी रात्री त्या तांबड्या मादीला आणि तिच्या दोन्ही पोरींना काही घालू नकोस, भुलीचं इंजेक्शन रिकाम्या पोटीच द्यावं लागतं, पाणी चालेल. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेव, त्या रात्री दहाला गुपचूप दूध-पोळी टाकतात. तिघींचे फोटो काढून ठेव, परत सोडताना त्याच कोपऱ्यावर सोडायला लावायचंय.

— काका