पंचविशीतच सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घ्यावं का?

तुम्ही विचारलंय : वय २५, बोलताना कपाळावर आठ्या उमटतात, कोल्हापुरातल्या एका क्लिनिकमध्ये "आत्तापासून थोडं थोडं बोटॉक्स घेतलं तर पुढे सुरकुत्या पडणारच नाहीत" असं सांगितलं, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत. घ्यावं का?

माझं उत्तर : बहुधा नाही, निदान आत्ता तरी नाही. मात्र वय कमी आहे हे त्याचं कारण मी देणार नाही. २५व्या वर्षी एखादीच्या कपाळावर रेष बसलेली असते आणि ३५ला दुसरीचं कपाळ स्वच्छ असतं. ठरवायचं ते रेष बघून.

रेष कशी बघायची ते आधी सांगते. दुपारी खिडकीसमोर, दिवसाच्या उजेडात उभ्या राहा. सकाळी उठल्याउठल्या नको, तेव्हा उशीचे वळ चेहऱ्यावर असतात. मॉइश्चरायझर लावून १५ मिनिटं थांबा, कारण कोरड्या त्वचेवरच्या बारीक रेषा सुरकुत्यांसारख्याच दिसतात. मग भुवया पूर्ण वर ओढा, सोडा, चेहरा सैल करा. असंच कपाळाला आठ्या घालून आणि डोळे मिचकावून करा. चेहरा सैल झाल्यावर रेष पूर्ण नाहीशी होत असेल तर ती फक्त हालचालीची रेष आहे, आणि अशा आठ्या लहान मुलांच्या कपाळावरही पडतात. चेहरा शांत असतानाही बारीक रेघ तशीच राहत असेल, तर ती त्वचेत बसायला लागली आहे. बोटॉक्सचा विचार करायचा तो या दुसऱ्या स्थितीत, आणि तोही रेघ अजून उथळ असताना.

आता हे औषध काय करतं ते बघा. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए. ते मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडू देत नाही. स्नायूला आकुंचन पावायचा निरोपच मिळत नाही, त्यामुळे वरच्या कातडीला घडी पडत नाही. परिणाम तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत ओसरतो. घडी कमी वेळा पडली तर रेष उशिरा बसेल, हा तर्क चुकीचा नाही. त्याच्या बाजूने नेहमी एक उदाहरण दिलं जातं : २००६ साली प्रसिद्ध झालेली जुळ्या बहिणींची नोंद. एकीने १३ वर्षं वर्षातून दोन-तीनदा हे घेतलं होतं, दुसरीने त्या सगळ्या काळात दोनदाच. पहिलीच्या कपाळावर शांत चेहऱ्यात रेषा नव्हत्या, दुसरीच्या होत्या. नोंद बोलकी आहे, पण ती एकाच जोडीची आहे. तेवढ्यावरून गावातल्या प्रत्येक पंचविशीतल्या मुलीला सुई टोचावी, असं मला अजिबात वाटत नाही.

आणि सुरकुत्या फक्त स्नायूंमुळे पडत नाहीत. त्वचा आतून सैल होते ती मुख्यतः उन्हाने. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवताना त्याच्या डाव्या गालावर काचेतून ऊन येत राहिलं. तो गाल जाड, खोल सुरकुत्यांचा, आणि उजवा त्या मानाने बराच बरा. दोन्ही गालांचे स्नायू सारखेच हलत होते. फरक उन्हातल्या यूव्ही-ए (अतिनील) किरणांचा होता, आणि ते साध्या काचेतून आत येतात. उलट बाजूचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावचा : ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं केलेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी भरलं. तरुणपणी सुरू करायच्या उपायासाठी इतका भक्कम पुरावा बोटॉक्सच्या बाजूने नाही.

त्यातून आपलं कोल्हापूर. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा. ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर असतो, आकाश भरलेलं असतं, म्हणून कुणाला ते जाणवत नाही. पण यूव्ही-ए ढगांतून बऱ्यापैकी खाली येतं. पावसाळ्यात सनस्क्रीन बंद करणं ही इथली अगदी सार्वत्रिक चूक आहे. दुसरी चूक स्कार्फच्या भरवशावर राहण्याची. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा विद्यापीठाकडे दुचाकीवर जाताना मुली तोंडाला घट्ट स्कार्फ बांधतात, ते चांगलंच. पण उघडं काय राहतं? कपाळाचा खालचा भाग, भुवयांमधली जागा, डोळ्यांच्या कडा. बोटॉक्स टोचतात तेही साधारण याच भागात. शिवाय उन्हात डोळे बारीक करून गाडी चालवली की त्याच घड्या तासभर पडत राहतात. काच असलेलं हेल्मेट घ्या, काच खाली ठेवा आणि आत चांगला गॉगल लावा. घड्याही थांबतील आणि ऊनही. मोबाइल किंवा फळा बघताना कपाळाला आठ्या पडत असतील तर आधी चष्म्याचा नंबर तपासा. नंबर लागलेला असतो आणि त्यावर इलाज म्हणून लोक इंजेक्शन शोधतात.

सनस्क्रीन कोणतं, यापेक्षा किती लावता यावर सगळं अवलंबून आहे. एसपीएफ ३० किंवा ५०, पीए+++ (यूव्ही-एपासून बचावाचं माप) किंवा त्याहून वरचं, एवढं पुरे. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा. तेवढं चेहरा आणि मान यांना एका वेळी लागतं, म्हणजे साधारण एक ग्रॅम. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा धरलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. तुमची तीन-चार महिने पुरत असेल तर डबीवरचा ५० हा आकडा तुमच्या चेहऱ्यावर नाही. सलग उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांग असेल तर रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो.

वांगाचा मुद्दा मुद्दाम काढला. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं, त्यामुळे सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा येतात. आधी येतात ते काळसर डाग, वांग, डोळ्यांखालचा काळेपणा. पस्तिशीत तुम्हाला आरशात जे खुपेल ते बहुतेक हेच असेल, आणि त्यावर बोटॉक्सचा काडीचा उपयोग नाही. उलट "सुरकुत्या टाळण्यासाठी" म्हणून लेझर, जोरकस पील (रसायनाने साल काढणं) किंवा घरी डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) फिरवला, तर आपल्या त्वचेत दाह बहुधा मागे काळा डाग ठेवून जातो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. पंचविशीत हे प्रयोग नकोत.

रात्रीसाठी एकच औषध सुचवेन : ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चेहरा धुवून कोरडा करा, २० मिनिटं थांबा, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरवा, वर मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, नंतर एक दिवसाआड. सुरुवातीला साल निघते, लाल होतं. तेव्हा आठवड्यातल्या रात्रींची संख्या कमी करा, मात्र औषध पूर्ण सोडू नका. रेषांवर फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना ते बंद ठेवायचं. लग्न ठरत असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा. आणि पार्लरमध्ये वरच्या ओठाचं वॅक्सिंग करण्याआधी किमान आठवडाभर थांबवा, नाहीतर केसांबरोबर कातडीही सोलून निघते आणि तिथे डाग राहतो. ब्लीच आणि स्क्रबही या काळात नको.

मेडिकलमधून कुणी सुचवलेली, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली "गोरं करणारी" ट्यूब मात्र हातात धरू नका. त्यातलं स्टेरॉइड महिन्याभरात चेहरा उजळवतं, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. सुरकुत्यांना घाबरून निघालेल्या तरुण मुली या ट्यूबने स्वतःची कातडी म्हातारी करून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

समजा तुमची रेघ शांत चेहऱ्यातही दिसतेय आणि घ्यायचंच ठरलं. मग क्लिनिकमध्ये जाण्याआधी हिशेब समजून घ्या. भुवयांमधल्या आठ्यांसाठी ठरलेला डोस २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. कपाळाला २०, डोळ्यांच्या कडांना दोन्ही मिळून २४. कमी वयात ज्याला "बेबी बोटॉक्स" म्हणतात त्यात याहून कमी युनिट देतात. समजा एकूण २० युनिट आणि दर युनिटला ३०० रुपये धरला, तर एका वेळचे ६,०००, वर्षातून तीनदा १८,०००, आणि २५ ते ४० या १५ वर्षांत २ लाख ७० हजार. आत्ता सुरू केलं तर हा खर्च आत्तापासून चालू होतो. थांबवलंत तर चेहरा पूर्वीपेक्षा वाईट होत नाही, रेषा आपल्या मूळ गतीने परत येतात.

युनिटचा आकडा ब्रँडप्रमाणे बदलतो. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचं एक युनिट आणि बोटॉक्सचं एक युनिट सारखं नसतं, म्हणून "५० युनिट दिले" यावर समाधान मानू नका. ब्रँड, युनिट, बॅच नंबर आणि मुदत कागदावर लिहून घ्या. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. नवी बाटली जवळजवळ रिकामी दिसते, तळाशी पांढरट थर असतो, ते बरोबर आहे. १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत चार युनिट येतात. पाणी जास्त घालून स्वस्तात देणारे असतात, म्हणून हे विचारायला लाजू नका. औषध २ ते ८ अंशांत ठेवलेलं हवं. २०२४ साली अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ स्त्रियांना अशा इंजेक्शनांनंतर त्रास झाला. त्यात बनावट माल होता, परवाना किंवा प्रशिक्षण नसलेले हात होते, घरी टोचून घेणंही होतं.

टोचणारी व्यक्ती त्वचारोगात एमडी किंवा प्लास्टिक सर्जन हवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. पार्लरमध्ये कुणीही टोचू नये. (सलूनमधलं "हेअर बोटॉक्स" वेगळं, त्यात हे औषधच नसतं.) ठरवण्याआधी दुसरं मत हवं असेल तर सीपीआरच्या (कोल्हापुरातलं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) त्वचारोग विभागात केसपेपर काढून दाखवा, तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असेल किंवा टोचायच्या जागी फोड-पू असेल तर घ्यायचंच नाही. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर आधी सांगा.

लग्नाचं म्हणाल तर पहिलं बोटॉक्स लग्नाच्या तोंडावर कधीच नको. दीड-दोन महिने आधी घ्या, म्हणजे १४व्या दिवशी तपासून कमी-जास्त करता येतं आणि काही बिघडलं तर निवळायला वेळ मिळतो. घेतल्यावर चार तास आडवं पडायचं नाही, त्या दिवशी व्यायाम नाही, जागा चोळायची नाही, दोन आठवडे फेशियल नाही. भाऊ घेणार असेल तर त्यालाही सांगा, त्या दिवशी घट्ट फेटा कपाळावर बांधायचा नाही आणि तालमीत जायचं नाही. दोन डोसांमध्ये १२ आठवड्यांचं अंतर ठेवा. लवकर-लवकर घेतलं तर शरीर प्रतिपिंडं तयार करून औषध निकामी करण्याची शक्यता वाढते.

बिघडतं ते असं. कपाळात जास्त किंवा फार खाली दिलं की भुवया जड होऊन खाली बसतात, डोळे झोपाळलेले दिसतात. मधला भाग गोठवून कडा सोडल्या की भुवयांची टोकं चढून चेहरा सतत चकित दिसतो. हे मात्र कडेला एक-दोन युनिट देऊन सुधारतं. औषध डोळ्याच्या खोबणीकडे पसरलं तर एक पापणी लोंबते. ती काही आठवड्यांत आपोआप वर येते, तोवर ०.५ टक्के ॲप्राक्लोनिडीनचे थेंब डॉक्टर देऊ शकतात. पापणी चोळून किंवा शेक देऊन काही होत नाही. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला, तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता थेट अपघात विभाग गाठायचा, आणि बॅच नंबर लिहिलेला तो कागद बरोबर न्यायचा.