जुन्या चेनसॉला मोठे सिलिंडर बसवण्यापूर्वी

प्रश्न : मी एका लाकडाच्या वखारीतून स्टिल कंपनीची एमएस २३० ही जुनी चेनसॉ विकत घेतली. बांधावरची वेडी बाभूळ आणि वाळलेली डाळिंबाची झाडे काढण्यासाठी ती दोन आठवडे चालली. नंतर भर उन्हात काम सुरू असताना बंद पडली. आता दोरी ओढताना हाताला जोरच लागत नाही. मेस्त्री म्हणतात, एमएस २५०चे बाहेरच्या कंपनीचे सिलिंडर-पिस्टन किट बसवा, खालचे पॅकिंग काढून टाका आणि सायलेन्सरचे तोंड मोठे करा, म्हणजे यंत्र पहिल्यापेक्षा जोरात चालेल. हे करावे का?
– एक शेतकरी वाचक, मोहोळ तालुका, जि. सोलापूर

उत्तर : मेस्त्रींनी सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिले करण्यासारखे आहे, दुसरे या यंत्रात होऊच शकत नाही आणि तिसरे मी तरी करणार नाही. दोरी हलकी लागते, म्हणजे पिस्टन खराब होऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेले असावे. मात्र जुना पिस्टन कशाने गेला हे कळल्याशिवाय नव्या किटला हात लावू नये. मूळ बिघाड यंत्रातच राहिला, तर नवा पिस्टनही काही टाक्या पेट्रोलमध्ये त्याच वाटेने जाईल.

सायलेन्सर दोन नटांवर बसलेला असतो. तो काढून आत पाहिले, की धुराच्या दारातून पिस्टनची एक बाजू दिसते. त्या बाजूवर उभे चरे पडलेले असतील, तर पिस्टन तापून चिकटला असे समजावे. पेट्रोलमध्ये तेल घालायचे राहिले असेल किंवा कोठून तरी जादा हवा आत शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल. याउलट धुराची बाजू बरी दिसली, पण कार्बोरेटरकडची बाजू सारखी घासून राखाडी झालेली असली, तर तो धुळीचा पराक्रम आहे. आपल्याकडच्या कोरड्या रानात ही दुसरी खूण वारंवार दिसते. फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असतो आणि लाकडाच्या भुशाबरोबर बारीक माती महिनोन्महिने सिलिंडरमध्ये जात राहते. एअर फिल्टर मूळ कंपनीचाच घ्यावा, हे मी यासाठीच सांगतो. त्यात वाचवलेले पैसे पिस्टनमध्ये भरावे लागतात.

आपले यंत्र भर उन्हात अचानक थांबले, म्हणून मला पहिला संशय जादा हवेचा आहे. ट्रिगर सोडल्यावरही इंजिनची रेस लगेच उतरत नव्हती का, हे आठवून पाहावे. हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची ऑइल सील, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी गळा, आणि कार्बोरेटरच्या पंपाला क्रँककेसचा दाब पोहोचवणारी बारीक नळी. ही रबरे दहा-बारा उन्हाळे पाहिलेली असतील, तर वरून धड दिसली तरी वाकवल्यावर तडे उघडतात.

पेट्रोलचाही विचार करावा लागेल. सध्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि अशा जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये सहसा १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे कार्बोरेटरचा स्क्रू तेवढाच ठेवला तरी मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. ते हवेतला ओलावाही ओढून घेते आणि जुन्या नळ्या व कार्बोरेटरमधला डायफ्राम (लवचीक पडदा) लवकर खराब करते. (आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल आपल्याच यंत्राच्या डायफ्रामवर उठावे, याला काय म्हणावे!) म्हणून कार्बोरेटर मूळचाच ठेवून त्यात नवे डायफ्राम किट घालावे आणि पेट्रोलची नळी व टाकीतला फिल्टर बदलावा. पेट्रोल-तेलाचे मिश्रण आठवड्याभरात संपेल एवढेच करावे. चांगले टू-स्ट्रोक तेल १:५० या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर पुरते. ‘थोडे जास्त घातले म्हणजे बरे’ असे समजून दुप्पट तेल ओतणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की तेवढ्या जागेतले पेट्रोल कमी होऊन मिश्रण आणखी पातळ होते.

आता किटविषयी. एमएस २३०चे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४० मिलिमीटर आणि एमएस २५०चे ४२.५ मिलिमीटर असून स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्हींचा ३२ मिलिमीटरच आहे. त्यामुळे क्षमता ४०.२ वरून ४५.४ सीसी, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी वाढते, आणि खालचा सांगाडा तोच असल्याने किट सरळ बसते. बाहेरच्या किटमध्ये सिलिंडरच्या आतल्या मुलाम्याकडे बारकाईने पाहावे. सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या दारांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर कड धारदार आहे आणि ती पिस्टनवरच्या रिंगला धरेल. अशी कड बारीक एमरी कागदाने, मुलामा उचलला जाणार नाही इतक्या हलक्या हाताने मोडावी. मुलामा आधीच सुटू लागला असेल, तर सिलिंडर परत करावे. रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. ती ०.२ मिलिमीटरच्या आसपास असावी. टोके एकमेकांना टेकत असतील, तर तापल्यावर रिंग फुगून सिलिंडर खरवडेल. पिस्टनपिनच्या दोन क्लिपा मात्र मूळ कंपनीच्याच घ्याव्यात. किटबरोबर येणारी तारेची क्लिप मी स्वतः एकदा वापरली होती. ती सुटून नवे सिलिंडर दोन दिवसांत भंगारात गेले. ऑइल सील आणि क्रँकचे बेअरिंग यांनाही हाच नियम लावावा. झाकणे, हँडल, दोरी, स्प्रिंग असल्या वस्तू बाहेरच्या चालतात.

पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवण्याची युक्ती पुष्कळ यंत्रांत चालते, पण या यंत्रात सिलिंडरखाली पॅकिंगच नसते. सिलिंडर आणि खालचा ॲल्युमिनियमचा तुकडा यांच्यामध्ये क्रँकची बेअरिंगे धरलेली असतात आणि तो सांधा सीलंटने बंद होतो. त्यामुळे सिलिंडर काढले, की सीलसुद्धा जागची हलतात. ती त्याच वेळी नवी घालावीत. दोन्ही पृष्ठभाग तेलकटपणा न राहील इतके पुसून, उष्णता आणि पेट्रोल सोसणाऱ्या सीलंटची पातळ, अखंड रेघ ओढावी.

जोडणी झाल्यावर यंत्र सुरू करण्याची घाई करू नये. धुराचे आणि कार्बोरेटरचे तोंड रबरी पट्टीने बंद करून आत ०.५ बार दाब भरावा व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. काटा निदान २० सेकंद हलता कामा नये. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगाही चालतो, कारण त्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे ०.४ बार होतात. मात्र सील उलट्या दिशेने हवा ओढते का, हे फक्त व्हॅक्यूम पंपाने कळते; तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ही एक चाचणी करून घ्यावी.

सायलेन्सरचे तोंड मोठे केल्यास इंजिन मोकळे होते हे खरे, पण त्याबरोबर मिश्रण घट्ट करावे (पेट्रोल वाढवावे) लागते, आणि एच स्क्रूला, म्हणजे जास्त वेगातले पेट्रोल ठरवणाऱ्या स्क्रूला, मर्यादेची टोपी असलेल्या कार्बोरेटरमध्ये तेवढी जागा मिळत नाही. शिवाय ठिणग्या अडवणारी जाळी निघाली, तर वैशाखातल्या वाळल्या गवतात काय होईल हे सांगायला नको. मूळचाच आवाज कानाशी जवळपास १०० डेसिबल असतो. यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसे घरोघरी असलेल्या सोलापूरकरांना बहिरेपणाविषयी मी काय सांगावे. पहिल्या दोन-तीन टाक्या मिश्रण किंचित घट्ट ठेवावे आणि वरची मर्यादा कानाने न ठरवता टॅकोमीटरने (फेऱ्या मोजण्याच्या उपकरणाने) तपासावी. मिनिटाला १४,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. साखळीचा ब्रेक लागत नसेल, तर बाकी सगळे काम त्यानंतर.

प्रश्न : नवी साखळी घालूनही वाळलेली बाभूळ कापताना धूर येतो आणि काप एका बाजूला जातो. साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी बदलावी का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आधी कानस करा. वेडी बाभूळ कठीण असते आणि तिच्या सालीत माती अडकलेली असते. त्यामुळे एका टाकीतच धार जाते. साखळी ०.३२५ इंच पिचची असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांच्या कोनात, प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले, की काप तिरका जातो. त्यानंतरही फरक पडला नाही, तर पट्टीच्या दोन्ही कडा सपाट काचेवर उभ्या धरून एकसारख्या उंचीच्या आहेत का ते पाहा. साखळीला जळके ऑइल घालत असाल तर ते बंद करा. ते साखळीवर टिकत नाही, आणि त्यातली काजळी व लोखंडाची कीस तेलपंपाची वाट बुजवते.