नातवाला काय म्हणू?

पत्राचा सारांश : "माझी मुलगी अटलांटाला असते. जावई तिथलेच, काळे अमेरिकन. नऊ वर्षांचा नातू सुट्टीला साताऱ्यात आलाय, मराठी त्याला छान समजतं. मी लाडानं त्याला 'काळूराम' म्हणते. परवा शेजारणीला 'हा अर्धा आपला, अर्धा तिकडचा' अशी ओळख करून दिली, तर ती म्हणाली, 'त्यामानानं उजळ आहे हो!' पोरगा आमरसाची वाटी तशीच ठेवून आत गेला. रात्री मुलगी फोनवर माझ्यावरच चिडली. आमच्या घरात काळा म्हणजे विठोबा, मग माझं चुकलं कुठं? आता त्याच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते." – एक आजी, सातारा

ताई, सप्रेम नमस्कार.

वाटी तशीच राहिली हे तुम्ही पाहिलंत आणि आठवणीनं लिहिलंत. कुठं दुखलं ते तुम्हाला आतून कळलेलंच आहे.

विठोबाचं तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सावळ्या रूपावर जीव टाकणारी माणसं आपल्यात आहेतच. पण त्याच घरांमध्ये सून बघताना 'गोरी, उजळ' हवी असते, हेही तुम्ही-मी पाहिलंय. मला बघायला आले तेव्हा म्हणाले होते, 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे.' त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही, 'असली तरी' मात्र चाळीस वर्षं कानात आहे. शेजारणीचं 'त्यामानानं' त्याच जातीचं. कुणाच्या मानानं? त्याच्या बाबांच्या. पोराला ते तिथल्या तिथं समजलं.

तुमच्या शब्दांपैकी मला 'काळूराम'पेक्षा 'अर्धा' जास्त लागला. तुम्ही तो सहज वापरलात, पण जावयांच्या देशात असल्या हिशेबाला फार वाईट इतिहास आहे. १८९०च्या अमेरिकन जनगणनेत माणसांच्या रक्ताचे वाटे घालून ते कागदावर मांडले होते. पाव रक्त काळं असेल तर 'क्वाड्रून', आठवा हिस्सा असेल तर 'ऑक्टोरून'. पुढे १९२४मध्ये व्हर्जिनियात कायदा झाला आणि थेंबभर काळं रक्त निघालं तरी माणूस गोऱ्यांत धरेनात, गोऱ्याशी लग्नही करू देईनात. लग्नावरची ती बंदी उठायला १९६७ साल उजाडलं. आणि पोराच्या बाजूनं बघा. 'अर्धा आपला' म्हटलं की उरलेला अर्धा परका ठरतो, आणि तो परका अर्धा म्हणजे त्याचे बाबा.

मग म्हणायचं काय? 'संकरित' गायीला आणि बियाण्याला म्हणतात, पोराला नाही. 'निग्रो' आपण लहानपणी बिनदिक्कत वाचला, तिकडच्या जनगणनेच्या अर्जावरही तो २०१०पर्यंत होता, पण आता तो अपमान समजतात. 'कृष्णवर्णीय' छापायला ठीक आहे, ओट्यापाशी उभं राहून तसं कोण बोलतं? जावयांबद्दल सांगताना सरळ 'ब्लॅक' म्हणा. आपला 'काळा' नुसता रंग सांगतो. 'ब्लॅक' हे तिथं एका समाजाचं नाव आहे आणि त्या लोकांनी ते मानानं स्वतःला लावून घेतलंय. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच.

नातवाला काय म्हणायचं ते मात्र मी सांगणार नाही, आणि तुम्हीही परस्पर ठरवू नका. बराक ओबामांची आई गोरी. २००० सालापासून तिथल्या जनगणनेत वंशाच्या एकाहून जास्त चौकटींत खूण करता येते, तरी २०१०मध्ये ओबामांनी एकट्या 'ब्लॅक'वर खूण केली. गोल्फवाल्या टायगर वूड्सची आई थायलंडची, वडील ब्लॅक. त्यानं लहानपणी स्वतःसाठी गोरा, ब्लॅक, अमेरिकन इंडियन आणि आशियाई ही सगळी नावं जोडून 'कॅब्लिनेशियन' असा शब्दच तयार केला होता आणि १९९७मध्ये टीव्हीवर तसं सांगितलं. २०२०मध्ये सुमारे ३ कोटी ३८ लाख अमेरिकनांनी एकाहून जास्त चौकटी भरल्या. तुमचा नातू आज 'मिक्स्ड' म्हणेल, पंधराव्या वर्षी 'ब्लॅक' म्हणेल, तुमच्या अंगणात नुसता 'साताऱ्याचा' म्हणेल. जेव्हा जे म्हणेल ते तेव्हा खरं धरा.

भीतीनं गप्प मात्र बसू नका. तुमचं गप्प राहणं त्याला राग वाटेल. तो जूनअखेर जाणार म्हणता, मग आज संध्याकाळीच बघा, दोघंच असताना. 'मी तुला काळूराम म्हणते ते आवडतं का रे?' एवढंच विचारा. नको म्हणाला तर लगेच सोडा, वाईट वाटलं तरी त्याला दाखवू नका. हो म्हणाला तर ती हाक तुम्हा दोघांत राहू दे, चारचौघांत नको. मग विचारा, 'तुझी ओळख करून देताना काय सांगू?' खांदे उडवले तर नुसतं नाव सांगा, नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरे. नंतर मुलीला फोन करा आणि त्यानं काय सांगितलं ते तिला कळवा. ती चिडली ती तुमच्यावर जीव आहे म्हणूनच. तिच्या पोराला आजोळ तुटू नये असं तिला वाटतंय.

शेजारीण पुन्हा येईलच. 'हा माझा नातू. बाबा ब्लॅक, अटलांटाचे. आई आपली इथलीच.' आणि रंगावर गाडी गेली की, 'वहिनी, माझ्या नातवाच्या रंगाचं बोलणं नको.' हे त्याच्यासमोर म्हणा, मराठीतच, त्याला ऐकू जाईल असं. नंतर आत जाऊन समजूत घालण्यापेक्षा, वाटी राहिली होती त्या जागीच त्याच्या कानावर पडू दे.